डिझेलची गळती: पाना उचलण्याआधी काय पाहायचं

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. तुम्ही आणि दोन मित्रांनी मिळून एक जुनी तीस फुटी शिडाची बोट घेतली आहे. बोट मुंबईच्या बंदरात असते, तुम्ही राहता बडोद्यात. तिच्यात दोन सिलिंडरचं, वीसेक हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन आहे. दर फेरीनंतर इंजिनाखालच्या ट्रेमध्ये वाटीभर डिझेल जमतं. तिथल्या मेकॅनिकने दिसतील ते नट आवळले, दोन ठिकाणी टेफ्लॉन टेप गुंडाळली, एका जॉइंटवर एम-सील चोपडलं. गळती तशीच आहे आणि आता भरीला इंजिन पंधरा-वीस मिनिटं चालून आचके देतं, बंद पडतं. शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय, की ऑइल मात्र कधी भरावं लागत नाही, उलट डिपस्टिकवर थोडं वरच दिसतं.

मी या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो, कारण मला काळजी त्याचीच वाटते. इंजिनातलं ऑइल आपोआप वाढत नाही. वाढलं असेल तर त्यात काहीतरी मिसळतंय: एक तर पाणी, नाही तर डिझेल. पाणी असेल तर ऑइल दुधी, चहाच्या रंगाचं होतं. डिझेल असेल तर रंग काळाच राहतो, पण ऑइल पातळ पडतं आणि वास येतो. डिपस्टिकचा एक थेंब टिश्यू पेपरवर टाका आणि तासाभराने बघा. मध्ये काळा डाग आणि भोवती तेलकट, फिकट कडं लांबवर पसरलेलं दिसलं, तर डिझेलचा संशय धरा. तोवर इंजिनाला स्टार्टर मारू नका. डिझेल मिसळलेलं ऑइल बेअरिंगवर टिकत नाही, आणि क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या पोटात, ते फार वाढलं तर इंजिन तेच ऑइल ब्रीदरवाटे (पोटातली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीवाटे) ओढून घेऊन स्वतःच पळत सुटतं. मग डिझेल बंद केलं तरी थांबत नाही.

हे डिझेल तिथं जातं कसं? तुमच्या इंजिनावर बाजूला दोन बोल्टवर बसवलेला छोटा फीड पंप असतो. कॅमशाफ्ट (उंचवटे असलेला फिरता दांडा) त्याचा लिव्हर हलवतो, लिव्हर आतला रबरी पडदा हलवतो. एका बाजूला डिझेल, दुसऱ्या बाजूला थेट इंजिनाचं पोट, मध्ये फक्त तो पडदा. तो चिरला की डिझेल क्रँककेसमध्ये उतरतं. काही पंपांना खाली बारीक भोक ठेवलेलं असतं, पडदा फाटला तर डिझेल बाहेर ठिबकून कळावं म्हणून. ते भोक रंगाने किंवा चिकट मळीने बुजलेलं असतं आणि मग कोणालाच काही कळत नाही. तुमच्या ट्रेमधलं वाटीभर डिझेल, वाढलेलं ऑइल आणि बंद पडणारं इंजिन या तिन्हींचं मूळ एकच फाटलेला पडदा असू शकतं. म्हणून पहिलं काम तेच. पंप उतरवा, लिव्हर हाताने दाबून बघा, आतून डिझेलचा वास येतो का, खालच्या बाजूला ओल आहे का ते पाहा. पडद्याचा किट मिळाला तर ठीक, नाही तर पंपच नवा घाला, ही काही फार महागडी वस्तू नाही. पडदा धडधाकट निघाला तर संशय इंजेक्शन पंपावर, म्हणजे नोझलकडे (सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा मारणाऱ्या भागाकडे) दाबाने डिझेल ढकलणाऱ्या पंपावर जातो, त्याबद्दल पुढे लिहितो. दोष कुठलाही निघो, ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही.

माझं काम बडोद्यात पंप-नोझलचं. ट्रक, ट्रॅक्टर, जनरेटर, राजकोटची शेतातली इंजिनं हे रोजचं, आणि किनाऱ्यावरून मच्छीमारांचे पंपही येत असतात. डिझेलचं शास्त्र जमिनीवर आणि पाण्यात एकच आहे. फरक पडतो तो जागेचा. ट्रॅक्टरचं डिझेल गळलं तर मातीत जातं आणि वर मोकळी हवा असते. बोटीत तेच डिझेल एका बंद खोक्यात, तापलेल्या एक्झॉस्टशेजारी, तुमच्या झोपायच्या जागेखाली साचतं. त्यात एक गोष्ट आपल्याकडे वेगळी आहे. परदेशी पुस्तकांत डिझेल सहज पेटत नाही असं लिहिलेलं असतं, ते तिथल्या डिझेलपुरतं खरं. युरोपच्या मानकात डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला ते पेटण्याजोगी वाफ सोडू लागतं तो आकडा, ५५ अंश सेल्सिअसच्या वर लागतो, जहाजांच्या इंधनाला साधारण ६० अंश. आपल्या पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या डिझेलचं भारतीय मानक आयएस १४६०, आणि त्यात हा आकडा किमान ३५ अंश आहे. बडोद्याजवळच्या कोयलीच्या रिफायनरीतून निघालेलं असो की मुंबईच्या, नियम तोच. मे महिन्यात इंजिन तासभर चाललं की त्या खोक्यातली हवा ३५ च्या कितीतरी वर जाते. म्हणजे तुमच्या ट्रेमधलं डिझेल तिथं पेटण्याजोगी वाफ सोडत असू शकतं. 'वाटीभरच तर आहे' असं म्हणू नका. काम करताना बॅटरीचा मेन स्विच बंद, गॅसची शेगडी बंद, झाकणं उघडी आणि ड्राय पावडरचं अग्निशामक हाताशी ठेवा.

आता गळतीचा शोध. इंधनाची सगळी लाइन मनात दोन भागांत तोडा. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा भाग ओढीचा, फीड पंपापासून पुढचा भाग दाबाचा. दाबाच्या भागात सैल जॉइंट असेल तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर येतं. ओढीच्या भागात सैल जॉइंट असेल तर इंजिन चालू असताना तिथून काहीच गळत नाही, उलट हवा आत जाते. शिडाच्या बोटीत टाकी बहुधा इंजिनापेक्षा खाली, बर्थखाली असते. त्यामुळे ओढीकडचा जॉइंट वर्षानुवर्षं कोरडा दिसतो आणि त्याच जॉइंटमुळे इंजिन बंद पडत असतं. पडदा धडधाकट निघाला, तर तुमचं आचके देणं हे बहुतेक याचंच लक्षण आहे. हे सैल जॉइंट उगाच आवळण्याने नाही, एका साध्या चाचणीने पकडता येतात.

पाच लिटरचा एक स्वच्छ कॅन घ्या, त्यात नवीन गाळलेलं डिझेल भरा आणि सलाइनच्या बाटलीसारखा इंजिनापेक्षा उंच, घट्ट बांधून ठेवा. त्यातून नळी थेट फीड पंपाच्या तोंडाला जोडा. अर्थात फीड पंप आणि ऑइलचा प्रश्न सुटल्यानंतर. बोट धक्क्याला बांधलेली असताना इंजिन अर्धा-पाऊण तास भाराखाली चालवा. अजिबात आचका न देता चाललं तर दोष टाकीच्या बाजूला आहे: टाकीच्या आतली नळी, तिच्या तोंडाची जाळी, पाणी वेगळं करणारा पहिला फिल्टर, त्याच्या झाकणाचं रबर, मधली कॉक, किंवा टाकीचा बुजलेला हवेचा पाइप. हा हवेचा पाइप लोक हमखास विसरतात. किडे त्यात घर करतात, मीठ साचतं, टाकीत पोकळी तयार होते आणि इंजिन पंधरा-वीस मिनिटांनी उपाशी पडतं. टाकीचं झाकण सैल केल्यावर इंजिन सुधारलं, तर दोष सापडला असं समजा. मग टाकी पुन्हा जोडताना फीड पंपाच्या आधी चाचणीपुरता पारदर्शक नळीचा तुकडा लावा. त्यात बुडबुडे दिसले तर हवा त्याच्या मागून येतेय. एकेक जॉइंट मागे मागे सरकवत नेलं की जागा सापडते. चाचणी संपल्यावर तो तुकडा काढून टाकायचा. इंजिनाच्या खोलीत पारदर्शक प्लास्टिकची नळी कायम ठेवणं म्हणजे आग लागली तर तिला वाट करून देणं.

दाबाच्या बाजूचा शोध वेगळा. डिझेल जिथं दिसतं तिथून ते क्वचितच निघालेलं असतं. पाइपच्या बाहेरून वाहत वाहत ते सगळ्यात खालच्या वळणावर येतं आणि तिथं ठिबकतं. म्हणून आधी इंजिन पूर्ण पुसून काढा. ब्रश आणि थोडं डिझेल घेऊन मळी काढा, मग कोरड्या फडक्याने प्रत्येक जॉइंट कोरडा करा. प्रत्येक जॉइंटला टिश्यू पेपरची पट्टी गुंडाळा, फक्त पट्टा आणि पुलीपासून लांब. मग इंजिनाची लाइन आधी नुसती प्राइमरने (फीड पंपाच्या हाताच्या लिव्हरने) डिझेल चढवून भरा, पाच मिनिटं थांबा, पट्ट्या बघा. नंतर सुरू करा, पुन्हा बघा. सगळ्यात वरची पहिली ओली पट्टी ही तुमची जागा. नोझलच्या बुडाशी काळी, काजळीची ओल दिसली तर मात्र ती डिझेलची गळती नव्हे. तिथून सिलिंडरचा दाब निसटतोय, नोझलखालचा वॉशर बदलायचा आहे.

जागा सापडली की दहापैकी बहुतेक वेळा दोषी निघतो तो तांब्याचा वॉशर. बँजो म्हणजे पाइपच्या टोकाची गोल कडी, आणि तिच्यातून जाणारा पोकळ बोल्ट तो बँजो बोल्ट; त्या कडीच्या दोन्ही बाजूंना हे वॉशर असतात, आणि सील होतं ते या वॉशरच्या सपाट तोंडावर. आट्यांवर काहीही सील होत नाही. म्हणून तिथं टेफ्लॉन टेप गुंडाळण्याचा काडीचा उपयोग नाही. अपाय मात्र आहे. टेपचे धागे सुटतात, आणि फिल्टरच्या पुढे असतील तर थेट पंपात आणि नोझलच्या जाळीत जाऊन बसतात. तुमच्या मेकॅनिकने लावलेली टेप सगळी, शेवटच्या धाग्यापर्यंत सुईने काढा. एम-सीलही खरवडून काढा, पण काढताना लाइनची तोंडं कापसाने नव्हे, स्वच्छ प्लास्टिकच्या टोपीने बंद ठेवा.

तांबं एकदा दाबलं गेलं की कडक होतं. तोच वॉशर परत लावला तर नव्या तोंडाशी तो जुळवून घेत नाही, म्हणून जास्त आवळावं लागतं. जास्त आवळलं की बँजोचं तोंड वाकतं, कधी बोल्टच मानेत तुटतो. गळती आवळण्याने थांबत नाही ती यामुळे. दर वेळी नवा वॉशर लावा. चार-सहा मापांची पुडी बोटीवर असू द्या, माप मात्र जुन्या वॉशरवरून नव्हे तर बोल्टवरून व्हर्नियरने घ्या, कारण दाबलेला वॉशर पसरलेला असतो. बोटीवर अडकलात आणि नवा नाहीच, तर जुना वॉशर चिमट्यात धरून शेगडीवर मंद लाल होईपर्यंत तापवा आणि पाण्यात टाका. पोलाद असं केलं तर कडक होतं, तांबं मऊ पडतं. हे मात्र वॉशर काढून, डिझेलपासून लांब, हात पुसून झाल्यावर. नंतर काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून त्यावर आठाच्या आकड्यात फिरवत काळा थर काढा. बँजोच्या दोन्ही बाजूंची तोंडं नखाने तपासा. नखाला आडवी रेघ लागली तर नवा वॉशरही गळणार, ते तोंड आधी घासून सपाट करावं लागेल. एकाखाली दोन वॉशर कधी घालू नका. आणि आवळताना दुसऱ्या पान्याने फिटिंग धरून ठेवा, नाही तर पाइपच पिळला जातो. किती आवळायचं याचा आकडा इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये असतो, टॉर्क रेंच मागून आणा पण आकडा पाळा.

पंपापासून नोझलपर्यंतचे पोलादी पाइप हा वेगळा विषय आहे आणि इथं मी तुम्हाला हात जोडून सांगतो, गळती हाताने चाचपू नका. अशा जुन्या इंजिनांत नोझल साधारण १५० ते २०० बार दाबावर उघडतं. पाइपला केसाएवढी चीर असेल तर त्यातून निघणारी डिझेलची धार डोळ्यांना दिसत नाही, पण कातडी भेदून आत जाते. सुरुवातीला नुसता टोचल्यासारखा ठिपका दिसतो, दुखतही नाही फारसं. काही तासांत आतलं मांस खराब व्हायला लागतं आणि हाताचं बोट किंवा अख्खा हात गमावण्याची वेळ येते. असं झालं तर थांबून बघू नका, लगेच हॉस्पिटल गाठा आणि दाबाखालचं डिझेल आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. तपासायचं असेल तर चष्मा लावून, लांब काठीला पुठ्ठा बांधून पाइपजवळून फिरवा. पुठ्ठ्यावर ओली रेघ उमटते.

या पाइपांना चिरा पडतात त्या बहुतेक क्लिप नसल्यामुळे. पाइप एकमेकांना बांधणाऱ्या क्लिपा कोणीतरी काम करताना काढतं आणि 'या काही कामाच्या नाहीत' म्हणून बाजूला ठेवतं. मग दोन सिलिंडरच्या थरथरीत पाइप झिजतो. बोटीत भर पडते ती गंजाची. समुद्राच्या पाण्याचा पंप किंवा त्याची नळी थेंब थेंब गळत असेल, तर ते खारं पाणी क्लिपच्या रबराखाली जाऊन बसतं आणि तिथंच पाइपला सुईएवढं भोक पडतं. क्लिपा उघडून आतली जागा बघाच. चिरलेला किंवा गंजलेला पाइप वेल्डिंग किंवा ब्रेझिंग करून कधीही वापरू नका. दोन्ही पाइपांची लांबी सारखी असते तीही ठरवून, त्यामुळे त्याच मापाचा नवा पाइप घ्या. बसवताना आधी दोन्ही टोकांचे नट हाताने पूर्ण फिरले पाहिजेत. पाइप ओढून-ताणून बसवला तर शंकूचं तोंड तिरकं बसतं आणि पुन्हा गळतं.

नोझलवरून टाकीकडे परत जाणारी लाइन सोपी. तिथं दाब नगण्य असतो, पण गळती वारंवार तिथंच होते, कारण तिच्या छोट्या रबरी नळ्या इंजिनाच्या गरम डोक्याला (सिलिंडर हेडला) चिकटून असतात. जुनं रबर असेल तर सगळ्या नळ्या एकदम बदला. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल आलं, त्यात गंधकाचं प्रमाण दहा लाखांत १० भागांपर्यंत खाली आलं. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधले इतरही काही घटक कमी होतात, आणि वर्षानुवर्षं जुन्या डिझेलमध्ये फुगून बसलेली नायट्राइल रबराची सीलं त्यामुळे आक्रसतात. तुमची बोट जुनी आहे. पंपाची, फिल्टरची ओ-रिंगं (गोल रबरी सीलं) मूळचीच असतील तर विटॉनची, म्हणजे डिझेल सोसणाऱ्या रबराची घाला. टाकीपासून येणाऱ्या मोठ्या नळ्या आयएसओ ७८४० छापलेल्या, आग सोसणाऱ्या घ्या. बाजारातली साधी हायड्रॉलिक किंवा पाण्याची नळी दिसायला तशीच असते पण ती या कामाची नाही.

आता इंजेक्शन पंप. वरच्या डिलिव्हरी व्हॉल्व्हच्या (जिथून डिझेल नोझलकडे जातं त्या झडपेच्या) नटाखालून ओल येत असेल, किंवा फीड पंप चांगला असूनही ऑइल वाढत असेल, तर पंप उतरवून बेंचवर आणावा लागेल. बोटीवर तो नट आवळण्याचा मोह टाळा. जास्त आवळला तर आतला बॅरल (नळकांडं) किंचित दबतो आणि त्यात सरकणारा प्लंजर (दट्ट्या) अडकतो. प्लंजर इंधन वाढवण्याच्या स्थितीत अडकला तर इंजिन काबूत राहत नाही. पंप उतरवताना त्याच्या तोंडाखाली कागदाएवढ्या पातळ पत्र्या निघतील. त्या फेकू नका, वेगळ्या पिशवीत ठेवा, किती होत्या ते लिहा. त्यांच्या जाडीवर इंजेक्शनची वेळ ठरलेली असते.

सगळं जोडून झालं की लाइनमधली हवा काढायची: आधी पहिला फिल्टर, मग दुसरा, मग पंपाचा स्क्रू, शेवटी नोझलचे नट एक-दीड फेरा सैल करून स्टार्टर. फीड पंपाचा हाताचा लिव्हर ढिला लागत असेल तर कॅम वर आलेला आहे, इंजिन अर्धा फेरा फिरवा. इथं जमिनीवरचा मेकॅनिक एक गोष्ट विसरतो आणि बोटीचं इंजिन त्याने कायमचं जातं. तुमच्या इंजिनाचं समुद्राचं पाणी एक्झॉस्टमध्ये सोडलेलं असतं आणि सायलेन्सरमध्ये जमतं. इंजिन चालू असलं की धूर ते बाहेर ढकलतो. नुसता स्टार्टर मारत राहिलात तर पाणी ढकलायला धूर नाही, सायलेन्सर भरतो आणि पाणी उलट सिलिंडरमध्ये शिरतं. म्हणून हवा काढताना समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद ठेवा आणि इंजिन पकडल्याबरोबर, त्याच क्षणी उघडा, नाही तर पाण्याच्या पंपाचं रबरी इंपेलर जळेल. एक माणूस फक्त त्या कॉकवर हात ठेवून उभा पाहिजे. स्टार्टर एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून जास्त नको.

पहिल्या दिवशी तासभर चालवून बंद करा, गार होऊ द्या, सगळ्या पट्ट्या पुन्हा बघा. तांब्याचे वॉशर एकदा तापून गार झाले की किंचित बसतात, तेव्हा मॅन्युअलच्या आकड्यापर्यंत एकदा पुन्हा तपासा. ट्रेमधलं आणि तळातलं डिझेल शोषक पॅडने टिपून, डब्यात भरून किनाऱ्यावर आणा. तळातला पंप आपोआप चालणारा असेल तर आधी त्याची तार काढा, नाही तर सगळं बंदरात जाईल. साबणाचं पाणी ओतून तो तवंग दिसेनासा करणं हा उपाय नव्हे, डिझेल पाण्यातच राहतं आणि खाली उतरतं.

पंप किंवा नोझल मला दाखवायला बडोद्याला आणणार असाल, तर ती डिझेलने भरलेली आणू नका. रेल्वेत ज्वलनशील पदार्थ न्यायला बंदी आहे. पूर्ण निथळवा, तोंडांना टोप्या लावा, बाहेरून पुसा आणि दोन पिशव्यांत बांधा. नोझल कुठल्या सिलिंडरचं ते चिठ्ठीवर लिहा. सोबत इंजिनाच्या पाटीचा फोटो आणि त्या पातळ पत्र्या आणा.